वासुअण्णांचं सॉक्रेटिसचं वर्ष

वासुदेव हुपरीकरांना खोटं बोलता येत नाही, असं आमच्या मराठी मंडळात सगळे कौतुकानं सांगायचे. मी नाही सांगायचे. खोटं बोलता न येणारा माणूस पाहुणा म्हणून चार दिवस बरा. त्याच्याशी संसार करणाऱ्या बाईला विचारा म्हणजे कळेल. ती बाई म्हणजे वसुमती, माझ्या समोरच्या घरातली, माझी मैत्रीण. ही हकिकत जेवढी अण्णांची आहे तेवढीच तिची आहे.

मी शुभदा. मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. बंगळुरातली आमची तिसरी पिढी, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड शब्द सर्रास येतात आणि पुण्याहून नव्यानं आलेली मुलं ते ऐकून हसतात. हसू देत. लग्न केलं नाही, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या चौकशा वाचतील.

अण्णा मूळचे सांगलीकडचे. यशवंतपूरच्या पुढे एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात नोकरीला लागले आणि इथलेच झाले. यंत्राचा सुटा भाग हातात घ्यायचा, त्याला गेज लावायचा, मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. उभा जन्म हेच केल्यामुळे असेल, त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट पास नाहीतर नापास अशीच दिसायची. उपमा नापास, मंडळाचं नाटक नापास, माझी रांगोळी काठावर पास. बोलताना आवाजात तिरकसपणा नसायचा, म्हणून रागही धरता यायचा नाही. याचाच मला जास्त राग यायचा.

आणि त्यांना तत्त्वज्ञांचं वेड होतं. त्याला कारण आमची पाडव्याची चिठ्ठी.

श्रीकांत टेंबे म्हणून आमच्यातले एक शास्त्रज्ञ, त्यांच्या डोक्यातून निघालेली ही प्रथा. पाडव्याला सगळी कुटुंबं एका घरी जमायची. कडुनिंबाची चटणी खाऊन तोंडं वाकडी झाली की पितळेचा एक गडू फिरायचा. त्यातून प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर एका तत्त्वज्ञाचं नाव. वर्षभर तो तुमचा. एखाद्या रविवारी त्याच्याबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं आणि त्याची निदान एक तरी गोष्ट वर्षभर पाळून बघायची. टेंब्यांची अट अशी, की ज्यांनी स्वतः लिहून काही ठेवलं नाही अशांचीच नावं गडूत. "लिहिणाऱ्याचं वाचून भागतं," ते म्हणायचे, "न लिहिणाऱ्याचं जगूनच बघावं लागतं." सुरुवातीला चिठ्ठ्या पुरुषांना आणि उपमा बायकांना अशी वाटणी होती. एका पाडव्याला मी न विचारता गडूत हात घातला आणि ती वाटणी संपली.

बहुतेकांनी हा खेळ म्हणूनच घेतला. मला चार्वाक आला तेव्हा मी वर्षभर तूप खाल्लं, आणि वजनकाट्याकडे बघितलं नाही. टेंब्यांना स्वतःला पायथागोरस आला. तो पावट्याच्या जातीचे दाणे वर्ज्य मानायचा म्हणे. हिवाळ्यात सगळ्या बंगळुरात अवरेकाळूचा, म्हणजे इथल्या पावट्याचा, घमघमाट सुटला, तेव्हा टेंब्यांनी पायथागोरसला गुपचूप महिन्याभराची रजा दिली. आम्ही हसलो आणि सोडून दिलं.

अण्णा मात्र रजा द्यायचे नाहीत. त्यांना डायोजेनिस आला. रांजणात राहणारा, ओंजळीनं पाणी पिणारं पोर पाहून आपला वाडगाही फेकून देणारा. अण्णांनी जेवणाचं टेबल देऊन टाकलं, कोच देऊन टाकला, मिक्सर देऊन टाकला. वर्षभर वसू दुखऱ्या गुडघ्यांनी जमिनीवर बसली आणि रगड्यावर चटणी वाटत राहिली. रविवारच्या बैठकीत अण्णांनी अपरिग्रहावर फार सुरेख भाषण केलं. मी म्हटलं, "अण्णा, डायोजेनिसला बायको नव्हती." सगळे हसले. वसूही हसली. पण हसताना ती गुडघा चोळत होती, हे माझ्या लक्षात राहिलं.

एखादा तत्त्वज्ञ अनुसरावा की नाही हे ठरवायचा अण्णांचा गेज ठरलेला होता. "विचार सुंदर आहे की नाही हे बघू नका," ते म्हणायचे. "त्या माणसावर वेळ आली तेव्हा तो आपल्या विचाराला चिकटून राहिला का, एवढंच बघा." या मापात त्यांच्या मते सगळ्यात चोख बसायचा तो सॉक्रेटिस. तुरुंगातून पळून जायची सोय मित्रांनी केली होती, तरी गेला नाही. विषाचा पेला हातात आला, तो प्यायला. हे सांगताना अण्णांचे डोळे दर वेळी भरून यायचे. वर्षानुवर्षं त्यांना सॉक्रेटिसची चिठ्ठी हवी होती, आणि ती दर वेळी दुसऱ्याच कुणाला तरी जायची.

आता नवराबायकोचं एक सुख सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. दर शनिवारी संध्याकाळी दोघं संपिगे रोडवरच्या एका हॉटेलात जायची आणि कॉफी मागवायची. वन बाय टू. म्हणजे कॉफी एक, पेले दोन, आणि दोघांत अर्धी अर्धी. बंगळुरात ही सर्रास पद्धत आहे, कॉलेजातली मुलंही तशीच पितात. पण अण्णांचा पगार वाढला, मुलगा मल्हार एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागला, तरी यांनी दोन कॉफ्या कधी मागवल्या नाहीत. वसू म्हणायची, अख्खी प्यायली की मला झोप येत नाही. अण्णा म्हणायचे, तिला अर्धीच लागते, मग मला अख्खी कशी गोड लागेल? ज्या माणसाला कधी कुणाची स्तुती जमली नाही, त्याच्या तोंडून एवढं निघायचं, हे काही कमी नाही.

चौऱ्याण्णवच्या पाडव्याला अण्णांनी चिठ्ठी उघडली आणि ते उभेच राहिले. सॉक्रेटिस. भर बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "वर्षभर मी असत्य बोलणार नाही. लहानसंही नाही. आणि सत्य दडवणारही नाही." टेंब्यांनी टाळ्या वाजवल्या. वसूच्या चिठ्ठीवर एपिक्टेटस होता. तिला नाव उच्चारता येईना. टेंब्यांनी समजावलं, की हा एक पायानं अधू असलेला गुलाम होता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी ओळखावं, आणि जे हातात आहे तेवढंच आपलं मानावं, असं त्याचं सांगणं. वसू म्हणाली, "मग सोपं आहे. माझ्या हातात सध्या झारा आहे." आणि ती पुऱ्या तळायला आत गेली.

सॉक्रेटिसचे पहिले महिने आम्ही मजेत काढले. फोनवर कुणी नको असलेलं माणूस आलं आणि मल्हारनं "नाही म्हणून सांगा" अशी खूण केली, तर अण्णा म्हणायचे, "तो इथंच आहे, पण त्याला बोलायचं नाही." टेंब्यांच्या मुलीच्या गाण्यावर त्यांनी दिलेला अभिप्राय मी इथं लिहीत नाही. लोकांची मनं सांभाळायला मागून वसू जायची, डब्यातून काहीतरी गोड घेऊन.

श्रावण संपता संपता वसूच्या पोटात दुखायला लागलं. गणपती उठल्यावर एका नर्सिंग होममध्ये पोट उघडलं, आणि काही न करता तसंच बंद केलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर अण्णा, मल्हार आणि मी होतो. डॉक्टर वयस्क, फार सज्जन. खालच्या आवाजात म्हणाले, की गाठ काढण्यासारखी राहिलेली नाही, यकृतापर्यंत गेली आहे. इंजेक्शनं देऊन बघू, पण फार दिवस धरून चालू नका. आणि जाता जाता म्हणाले, "पेशंटला सांगू नका. धीर सुटतो."

तेव्हा असंच असायचं. त्या आजाराचं नाव सगळ्या घराला ठाऊक असायचं, फक्त ज्याचं पोट दुखायचं त्याला सोडून. मल्हारनं तिथंच ठरवलं. "आईला अल्सर म्हणून सांगायचं. इंजेक्शनं त्याचीच." मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, प्लीज. या एका बाबतीत तरी तुमचा तो सॉक्रेटिस बाजूला ठेवा."

अण्णांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मल्हारचंच मला बरोबर वाटत होतं.

वसू घरी आली. इंजेक्शनं सुरू झाली. केस जायला लागले. अल्सरला इतकी जालीम औषधं कशाला, असं तिनं एकदाही विचारलं नाही, आणि आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की तिच्या ते लक्षात आलं नाही. ती नवरात्राच्या तयारीला लागली. शेजारणींकडून शिकून ती दसऱ्याला घरात बाहुल्या मांडायची, इथल्या कन्नड घरांत मांडतात तशा, पायऱ्यापायऱ्यांवर. त्या वर्षी तिनं चिकपेटेच्या बाजारातून पायऱ्यांवर घालायला नवं जरीचं कापड आणवलं.

अण्णा मात्र वाळत चालले. संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायचे, कारण घरात वसूच्या समोर बसवत नव्हतं. एकदा म्हणाले, "अक्का, नापास माल पास करून गाडीत भरल्यासारखं वाटतं मला. रोज."

"स्वल्प तडी, अण्णा," मी म्हटलं. "जरा थांबा. ती काही यंत्राचा भाग नाही, गेज लावायला."

"भाग नाही, माणूस आहे, म्हणूनच म्हणतो. माणसाला त्याच्याच मरणाबद्दल खोटं सांगायचं? जगात सगळ्यांनी तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त जाणायचं? हा कुठला मान?"

त्या माणसाला नुसता हट्टी म्हणून मोकळं व्हावं तर तो असं काहीतरी बोलून जायचा.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेले, तर वसू बाहुल्या आवरत होती. एकेक बाहुली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. मी मदतीला बसले. तिनं मान वर न करता म्हटलं, "अक्का, काल संध्याकाळी ह्यांनी मला सत्य सांगितलं."

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मल्हार कामावर गेलेला होता.

"तुला... तुला अंदाज नव्हता का, वसू?"

"होता की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती म्हणाली. "केस कशानं जातात ते मला कळत नाही? पण अंदाज वेगळा आणि कळणं वेगळं, अक्का. अंदाजाबरोबर मी राहत होते. सकाळी उठायचे, तो बाजूला सारायचे, बाहुल्यांचं कापड आणायचे. पुढच्या वर्षी ह्या कोण मांडणार हे मला काल संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे मीच मांडणार होते."

अण्णा दारातून म्हणाले, "वसू, तुला फसवत राहणं मला जमलं नाही. मी तुझा अपमान..."

आता तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत मी तिला नवऱ्यावर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तिनं चढवला नाही.

"मी विचारलं होतं का तुम्हाला?" ती म्हणाली. "तुमचा तो सॉक्रेटिस, तुम्हीच सांगता ना, गावभर लोकांना प्रश्न विचारत फिरायचा म्हणून? मग मला एक प्रश्न विचारायचा होता. 'वसू, तुला जाणून घ्यायचंय का?' एवढाच. सॉक्रेटिस विचारायचा, तुम्ही सांगून मोकळे झालात. माझ्या त्या एपिक्टेटसच्या हिशेबानं माझ्या हातात काय उरलं होतं सांगू? ना पोट, ना केस, ना दिवस. एकच गोष्ट उरली होती. केव्हा विचारायचं ते. तीही काढून घेतलीत."

अण्णांनी दाराची चौकट धरली.

"आणि एक सांगते," ती म्हणाली. "त्यानं विषाचा पेला स्वतः प्यायला. तुमचं वर्ष पुरं व्हावं म्हणून तुम्ही तो मला पाजलात."

ती परत बाहुल्या गुंडाळू लागली. एक लाकडी राजा होता, त्याची राणी सापडेना. आम्ही दोघी ती शोधत राहिलो. अण्णा मागच्या दारानं निघून गेले आणि दुपारी जेवायलाही आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस असे गेले. वसू नवऱ्याशी बोलायची, पण कामापुरतं, आणि त्यांच्याकडे न बघता. शनिवारची कॉफी बंद झाली. मल्हारला कळल्यावर त्यानं बापाशी बोलणंच टाकलं. जेवायला तिघं एका पंगतीला, आणि आवाज फक्त ताटांचा. मला अण्णांचा संताप यायचा आणि त्यांची कीवही यायची, दोन्ही एकदमच. त्यांनी तिला दुखवायला सांगितलं नव्हतं. उलट त्यांना वाटलं होतं, की आता दोघांमध्ये पडदा उरणार नाही, दोघं मिळून सामोरं जाऊ. त्यांना स्वतःला असं कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं. आपल्याला जे चालतं तेच दुसऱ्याचं माप, ही त्यांची चूक. आणि चूक लक्षात आली तेव्हा ती दुरुस्त करण्याजोगी राहिली नव्हती, कारण सांगितलेलं परत घेता येत नाही.

वर टेंबे माझ्याकडे येऊन म्हणतात कसे, "शुभदाताई, विषय गहन आहे. पुढच्या रविवारी यावरच चर्चा ठेवू या का? नावं न घेता." मी त्यांना पडवीतूनच परत पाठवलं. काय शब्द वापरले ते सांगत नाही. त्यांच्या बायकोनं नंतर मला लाडू पाठवले.

अण्णा कुणाकडे गेले नाहीत, कुणाला काही समजावत बसले नाहीत. कारखान्यातून येऊन गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यातून काय निघालं ते मला जानेवारीत दिसलं.

इंजेक्शनं घ्यायला वसूबरोबर मीही जायचे. तपासण्या झाल्या की डॉक्टर अण्णांना आत बोलवायचे आणि आम्ही बाहेर बाकावर. त्या दिवशी ते बाहेर आले, वसूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरांनी काही सांगितलं आहे. सांगू का?"

वसूनं त्यांच्याकडे पाहिलं. दसऱ्यापासून पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "जाताना नारळ घ्यायचाय."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी नारळ घेतला, वाजवून, कानाशी धरून, पाण्याचा.

मग ते असंच चाललं. दर खेपेला ते विचारायचे, दर खेपेला ती नको म्हणायची. कधी "आज नको", कधी "भाजी काय आणू ते सांगा त्याऐवजी". घरातही त्यांना विचारायची सवय लागली. खिडकी लावू का? दिवा मालवू की राहू दे? मल्हारला बोलवू? आयुष्यभर निकाल देत आलेला माणूस प्रश्न विचारायला शिकत होता, आणि ते त्याला सोपं जात नव्हतं. खोटं बोलायचं नाही, आणि तिनं विचारल्याशिवाय खरंही बोलायचं नाही, या दोन्हींच्या मध्ये जी चिंचोळी जागा उरते तीत अण्णा राहायला गेले. चेहऱ्यावर दिसेल म्हणून ते तासन्‌तास शेंगा सोलत बसायचे, मान खाली घालून.

पंच्याण्णवचा पाडवा वसूनं हट्टानं आपल्या घरी ठेवला. डोक्याला रुमाल बांधून ती पाटावर बसली होती. कडुनिंब झाला, गडू फिरत अण्णांपाशी आला. त्यांनी तो पुढे सरकवला.

"मी काढत नाही," ते म्हणाले. "मागच्या वर्षात नापास झालो. तोच वर्ग पुन्हा."

कुणी हसलं नाही. टेंबे छताकडे बघत राहिले. गडू वसूकडे आला. तीही म्हणाली, "मीही माझाच ठेवते. आत्ता कुठं त्याचं थोडं थोडं कळायला लागलंय." मल्हार उठून आत गेला आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आला.

रामनवमीच्या सुमाराची गोष्ट. गल्लोगल्ली मांडव उभे होते, येणाऱ्याजाणाऱ्याला पानक, म्हणजे गुळाचं सरबत, आणि कोशिंबीर वाटत होते. आम्ही नर्सिंग होममध्ये बाकावर होतो. त्या दिवशी अण्णांना डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर यायला फार वेळ लागला. आले, तेव्हा दार बंद करायलाच विसरले. वसूसमोर उभे राहून त्यांनी नेहमीचं विचारलं. आवाज तोच, पण मी दुसरीकडे बघितलं.

"नको," वसू म्हणाली. "पानक प्यावंसं वाटतंय."

मांडवाशी रिक्षा थांबवून अण्णांनी तिला पानक आणून दिलं. त्यानंतर मी त्यांना एकटं गाठून विचारलं, तर म्हणाले, "तिच्याआधी तुम्हाला नाही, अक्का." मल्हारनंही विचारलं, रागावला, रडला. त्यालाही तेच उत्तर. पोरगा मला म्हणाला, "आधी सांगितलं म्हणून मी बाबांवर चिडलो, आता सांगत नाहीत म्हणून चिडतोय. मला काय हवंय तेच कळत नाही." मी म्हटलं, मलाही कळत नाही, बाळा. पुढचं इंजेक्शन कधी, हे अण्णा बोलत नव्हते. एवढ्यावरून समजायचं ते मी समजले होते. घरातलं ते ओझं एकटा माणूस उचलून चालला होता आणि त्याची पाठ वाकताना आम्हाला दिसत होती.

वसू ज्येष्ठात गेली. ते मी सांगणार नाही. मला सांगायचंय ते त्याआधीच्या एका शनिवारचं.

बँकेत सही द्यायला म्हणून वसूला रिक्षानं नेलं होतं. बरोबर अण्णा आणि मी. परत येताना संपिगे रोडवर ती एकदम म्हणाली, "थांबवायला सांगा. कॉफी घेऊ."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. "चालवेल?"

"विचारलंत, बरं केलंत. हात द्या."

आम्ही भिंतीजवळच्या टेबलाशी बसलो. वाढप्यानं इतक्या दिवसांनी दोघांना पाहिलं, वसूच्या रुमालाकडे पाहिलं, आणि न विचारता आत ओरडून सांगितलं. मला अख्खी, त्यांना वन बाय टू. पेले आले. वसूनं आपला पेला दोन्ही हातांत धरला, पण उचलला नाही. रस्त्यावर शनिवारची गर्दी होती.

मग ती म्हणाली, "अहो, आता सांगा."

मी उठायला लागले. तिनं माझा हात धरून बसवलं.

अण्णांनी सांगितलं. इंजेक्शनांचा उपयोग थांबलाय. पुढे काही द्यायचं नाही असं डॉक्टरांचं मत आहे. फार तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. कमी नाही, जास्त नाही, जेवढं होतं तेवढंच सांगितलं, आणि सांगताना टेबलाकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

वसू ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "हे त्या पानकाच्या दिवशीच कळलं तुम्हाला?"

"हो."

"तेव्हापासून एकटेच?"

"हो."

"मल्हारलाही नाही? अक्कांनाही नाही?"

अण्णांनी मान हलवली.

"फार कडू होतं?"

"फार, वसू," ते म्हणाले, आणि भर हॉटेलात, आजूबाजूला माणसं असताना, तो माणूस रडायला लागला. मी माझ्या कॉफीत बघत बसले. माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

वसूनं आपला पेला उचलला, एक घोट घेतला आणि टेबलावर त्यांच्या पेल्याला लागून ठेवला.

"आधी सगळं मला पाजलंत," ती म्हणाली, "आता सगळं एकट्यानं प्यायलात. इतकी वर्षं इथं येतोय आपण. तुम्हाला अर्धं अर्धं करता येत नाही का हो?"